फरक ‘सार्थ’ ठरला नाही, तर ‘परिणाम होत नाही’ असे लिहावे का?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार. मी मुंबईत जनआरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि प्रबंध सादर करायला आता तीनच आठवडे उरले आहेत. पूर्व उपनगरातील एका वस्तीतल्या गरोदर स्त्रियांमध्ये मी हा अभ्यास केला. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सर्वांनाच नेहमीप्रमाणे मिळत होत्या. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या निम्म्या स्त्रियांच्या घरी मात्र आरोग्य सेविका दर आठवड्याला जात होत्या आणि गोळी केव्हा घ्यावी, चहाबरोबर का घेऊ नये, मळमळ झाली तर काय करावे हे समजावून सांगत होत्या. तीन महिन्यांनी दोन्ही गटांचे हिमोग्लोबिन मोजले.

अभ्यास अजून प्रसिद्ध झालेला नाही, म्हणून मूळ आकडे येथे देत नाही. चर्चा नेमकी व्हावी यासाठी त्याच धाटणीचे कल्पित आकडे देते. समजा प्रत्येक गटात ५२ स्त्रिया आहेत, प्रमाण विचलन (हिमोग्लोबिनची मूल्ये सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप) १.३ ग्रॅम आहे, गृहभेटी झालेल्या गटाचे सरासरी हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे ०.४ ग्रॅमने अधिक आहे, या फरकाचे ९५ टक्के विश्वास-अंतराल (माहितीशी सुसंगत असलेल्या फरकांचा पट्टा) उणे ०.१ ते ०.९ आहे आणि पी-मूल्य ०.१२ आहे. फरक ‘सार्थ’, म्हणजे केवळ योगायोगाचा नसावा असा, मानायला हे मूल्य प्रथेप्रमाणे ०.०५ च्या खाली लागते.

आता प्रत्येक जण वेगळा सल्ला देत आहे. माझ्या मार्गदर्शकांच्या मते निष्कर्षात ‘गृहभेटींचा हिमोग्लोबिनवर परिणाम होत नाही’ एवढेच लिहावे. एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी ‘सार्थकतेकडे कल दिसतो’ असे लिहायला सुचवले. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक गटाची आधीची आणि नंतरची पातळी वेगवेगळी तपासावी; तशी तपासली तर गृहभेटींच्या गटातील वाढ सार्थ ठरते, दुसऱ्या गटातील ठरत नाही, आणि तेच यश म्हणून मांडता येते. आणखी वीस-वीस स्त्रिया घेऊन चाचणी पुन्हा करावी, असेही एकाने सांगितले.

यांपैकी एकही वाक्य मला मनापासून लिहावेसे वाटत नाही. त्याहून अवघड गोष्ट अशी, की पुढच्या आठवड्यात मला त्याच सेविकांच्या बैठकीला जायचे आहे. भर पावसात चाळीचे जिने चढून गेलेल्या त्यांच्यातील एकीने मला मागेच विचारले होते, ‘मॅडम, आमच्या जाण्याने काही फरक पडला का?’ त्यांना खरे काय सांगावे?

अंकगणिती

मी बरीच वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आणि आता मुलुंडला निवृत्त जीवन जगतो. असे प्रबंध घेऊन विद्यार्थी अजूनही घरी येतात, त्यामुळे तुमची अडचण परिचयाची आहे. उत्तर थोडे लांबेल.

प्रथम ०.१२ चा अर्थ पाहू. गृहभेटींनी मुळीच फरक पडत नसेल आणि अभ्यासाची इतर गृहीतके बरोबर असतील, तर निव्वळ योगायोगाने या किंवा त्या बाजूला ०.४ किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात सुमारे बारा आहे, इतकाच तो अर्थ. ‘परिणाम नसण्याची शक्यता बारा टक्के’ असा तो नव्हे, आणि ‘परिणाम नाही’ असा तर अजिबातच नव्हे, कारण ही संपूर्ण आकडेमोड परिणाम शून्य आहे असे धरूनच केलेली असते. जे गृहीत धरले तेच उत्तर म्हणून हाती घेता येत नाही. विसात एक, म्हणजे ०.०५, ही मर्यादादेखील निसर्गाने घालून दिलेली नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली ती सोयीची म्हणून सुचवली आणि पुढे तिचा उंबरठा झाला.

आता विश्वास-अंतरालाकडे या, कारण तुमचे खरे उत्तर तेथे आहे. तुमच्या माहितीशी उणे ०.१ पासून ०.९ पर्यंतचे सर्व फरक सुसंगत आहेत. म्हणजे गृहभेटींनी हिमोग्लोबिन किंचित घटले असणे शक्य आहे, जराही बदल झाला नसणे शक्य आहे आणि जवळजवळ एक ग्रॅमने वाढले असणेही शक्य आहे. त्यातही मधल्या ०.४ च्या आसपासचे आकडे माहितीशी अधिक जुळतात, टोकाचे कमी. शून्य या पट्ट्यात आहे म्हणून शून्यच खरे मानायचे, तर ०.८ सुद्धा त्याच पट्ट्यात आहे आणि माहितीशी त्याची सुसंगती शून्याइतकीच आहे, हे विसरता येणार नाही. मार्गदर्शकांच्या वाक्याला मी हरकत घेतो ती याच ठिकाणी. ते वाक्य कडक शिस्तीचे भासते, पण माहिती जेवढे सांगते त्याच्या कितीतरी पुढे जाते.

डेसिलिटरमागे ०.५ ग्रॅमची वाढ महत्त्वाची मानू. (ती मानावी का, हे वैद्यकीय मंडळींनी सांगावे.) प्रमाण विचलन १.३ असताना एवढा फरक पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १०६ स्त्रिया लागतात. तुमच्याकडे ५२ होत्या. म्हणजे ०.५ चा फरक खरोखर अस्तित्वात असता तरीही या अभ्यासात तो सार्थ ठरण्याची शक्यता जेमतेम निम्मी होती. छापा-काट्याइतकीच खात्री देणाऱ्या चाचणीतून काटा आला म्हणून ‘परिणाम होत नाही’ असे कोणी जाहीर करू नये.

मात्र एक सावधगिरी बाळगा. अनेक जण अभ्यास संपल्यावर स्वतःला मिळालेला फरकच, म्हणजे येथे ०.४, सूत्रात घालून चाचणीची क्षमता (खरा फरक पकडण्याची शक्यता) काढतात आणि ती कमी आली की ‘क्षमता कमी होती म्हणून निकाल सार्थ आला नाही’ असे लिहितात. तो आकडा पी-मूल्याचेच दुसरे रूप आहे; पी-मूल्य मोठे असले की तो लहान येणारच, आणि त्यातून नवे काहीही कळत नाही. होएनिग आणि हाइझी यांनी २००१ साली हे सविस्तर दाखवून दिले आहे. मी वर जो ०.५ घेतला तो अभ्यासाबाहेरून, वैद्यकीय महत्त्वावरून घेतला आहे, आणि तसाच तो घ्यावा लागतो.

हा शब्दच्छल नाही, हे पटावे म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधाच्या १९५९ ते १९८८ या काळात ३३ चाचण्या झाल्या. त्यांतील बहुतेक लहान होत्या आणि एकेकट्या पाहिल्या तर सार्थ ठरत नव्हत्या. १९९२ साली संशोधकांनी त्या कालक्रमाने एकत्र मांडल्या, तेव्हा असे दिसले की १९७३ पर्यंतच्या पहिल्या आठ चाचण्यांमध्ये, म्हणजे २,४३२ रुग्णांच्या माहितीतच, मृत्यू कमी होत असल्याचा सार्थ पुरावा जमा झाला होता. त्यानंतरही पंधरा वर्षे चाचण्या चालू राहिल्या, आणि त्यांतल्या हजारो रुग्णांना तुलना गटात असल्यामुळे ते औषध मिळाले नाही. आल्टमन आणि ब्लँड या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ साली याच जातीच्या चुकीबद्दल लिहिताना बजावले होते, की पुराव्याचा अभाव म्हणजे अभावाचा पुरावा नव्हे. तरीही २०१९ साली ‘नेचर’मधील एका टिपणात पाच नियतकालिकांतील ७९१ शोधनिबंधांची जी पाहणी दिली होती, तिच्यानुसार सुमारे निम्म्या निबंधांनी ‘सार्थ नाही’ याचा अर्थ ‘परिणाम नाही’ असाच लावला होता. तुमचे मार्गदर्शक एकटे नाहीत, एवढेच यातून घ्या. त्यांच्याशी बोलताना त्याचा उपयोग होईल.

राहिले बाकीचे सल्ले. गट वेगवेगळे तपासण्याचा मार्ग चुकीचा आहे. गोळ्या दोन्ही गटांना मिळत होत्या, म्हणजे वाढ दोन्हींत अपेक्षितच होती. प्रश्न एका वाढीपेक्षा दुसरी अधिक आहे का हा आहे आणि तो तुम्ही विचारून झाला आहे. त्याचे उत्तर ०.१२. एक पी-मूल्य रेषेच्या अलीकडे आणि दुसरे पलीकडे पडले, एवढ्याने त्या दोन गटांत फरक सिद्ध होत नाही. माहिती पाहून झाल्यावर स्त्रिया वाढवणे त्याहून घातक आहे. खरा फरक शून्य असतानाही सारख्या टप्प्यांवर पाच वेळा चाचणी केली, तर कधीतरी पाच टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांवर जाते. मधल्या तपासण्या करायच्याच असतील तर त्यांचे नियम आधी ठरवून, मर्यादा अधिक कडक करून त्या करतात. निकाल पाहून नव्हे.

डॉ. दहिसर

मी प्रसूतिशास्त्रात काम करतो, म्हणून ०.५ बद्दल दोन शब्द.

पाऊलवाट, तुमच्या मूळ आराखड्यात नमुन्याचा आकार ठरवताना कोणता फरक धरला होता ते आधी पाहा. एथिक्स कमिटीकडे दिलेल्या कागदात तो असलाच पाहिजे. त्या वेळी जो फरक महत्त्वाचा मानला, त्याच्याशीच आज अंतराल ताडून पाहावे. निकाल हाती आल्यावर ‘महत्त्वाचा फरक’ याची व्याख्या बदलणे बरे नाही. तेथे ०.५ असेल तर उत्तर स्पष्ट आहे: महत्त्वाचा फायदा या अभ्यासाने सिद्धही केला नाही आणि नाकारलाही नाही.

याउलट अंतराल उणे ०.१ ते ०.२ असे आले असते, तर पी-मूल्य तेव्हाही ०.०५ च्या वरच राहिले असते, पण मी निःशंकपणे म्हणालो असतो की या पद्धतीने केलेल्या गृहभेटींतून हिमोग्लोबिनला म्हणण्यासारखा लाभ होत नाही आणि सेविकांचा वेळ दुसरीकडे वळवावा. दोन्ही निकाल ‘सार्थ नाहीत’, तरी एक प्रश्न मिटवतो आणि दुसरा उघडा ठेवतो. विभागातल्या सादरीकरणात दोन्ही एकाच शब्दाने झाकले जातात, याचे मला फार वाईट वाटते, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. अशा प्रश्नावर एखादा उपयोगी उपाय केवळ वाक्यरचनेमुळे बाद होता कामा नये.

गिरगावकर_अनुवादक

मी आरोग्यविषयक अहवाल मराठीत आणण्याचे काम करते. संख्याशास्त्र माझा विषय नाही. तरीही या गोंधळाचा निम्मा भाग भाषेतला आहे असे मला वाटते.

‘सार्थ’ हा शब्दच पाहा. परिभाषेत त्याचा अर्थ ठरलेला आहे. पण मराठी वाचकाच्या कानाला ‘सार्थ नाही’ हे ‘निरर्थक आहे’ असेच ऐकू येते. जन्माचे सार्थक होते, श्रम सार्थकी लागतात. ज्या सेविकेने पायपीट केली तिला ‘तुमच्या भेटींचा परिणाम सार्थ ठरला नाही’ असे सांगितले, तर तिचे श्रम वाया गेले असाच निरोप तिच्यापर्यंत पोहोचेल. ‘लक्षणीय’ हा पर्याय वर्तमानपत्रांत चालतो, पण तो उलट्या बाजूने फसवतो. ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ हे वाचून माणूस समजतो की फरक होता, पण किरकोळ होता. येथे तर ०.४ हा आकडा किरकोळ नाही. तो योगायोगापासून वेगळा काढता आला नाही, इतकेच. दुसऱ्या टोकाला, लाखो लोकांच्या पाहणीत नगण्य फरकही संख्याशास्त्राच्या दृष्टीने ‘लक्षणीय’ ठरतो आणि मग त्याचे मथळे होतात.

क्रियापदाच्या काळाकडेही लक्ष द्यावे. ‘परिणाम होत नाही’ हा रीतिवर्तमान आहे, ‘सूर्य पश्चिमेला उगवत नाही’ याच्या पंक्तीतला. तो नियम सांगतो. ‘परिणाम आढळला नाही’ हे एका निरीक्षणाबद्दलचे विधान आहे, पण घाईने वाचणारा त्याचेही ‘नाही’ एवढेच ऐकतो. म्हणून मी अलीकडे अशा ठिकाणी लिहिते: ‘फरक पडतो की नाही, हे या माहितीवरून ठरवता आले नाही.’ वाक्य लांब होते, परंतु जे ठरले नाही ते ठरले नाही असे त्यातून स्वच्छ कळते.

आणि ‘कल’ हा शब्द कृपा करून नको. मतमोजणीच्या दिवशी कल हाती येतात, कारण मोजणी चालू असते आणि पुढच्या फेरीत आकडा बदलणार असतो. तुमची मोजणी संपली आहे. ०.१२ हा आकडा कुठेही निघालेला नाही, तो ०.०५ च्या दिशेने चालला आहे असे सुचवणे म्हणजे वाचकाला नसलेली गती दाखवणे होय.

पाऊलवाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. जुना आराखडा काढून पाहिला. नमुन्याचा आकार ठरवताना धरलेला फरक ०.५ पेक्षा बराच मोठा होता. दिलेल्या मुदतीत तेवढ्याच स्त्रिया मिळतील म्हणून आम्ही तो मोठा धरला होता, हे मला आज प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. प्रबंधाच्या मर्यादांमध्ये हे स्पष्ट लिहिणार आहे.

निष्कर्षाचा मसुदा असा केला आहे: ‘गृहभेटींच्या गटाचे सरासरी हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे ०.४ ग्रॅमने अधिक होते (९५ टक्के विश्वास-अंतराल उणे ०.१ ते ०.९, पी-मूल्य ०.१२). ही माहिती किंचित घटीपासून सुमारे ०.९ ग्रॅमच्या वाढीपर्यंतच्या परिणामांशी सुसंगत आहे. त्यामुळे गृहभेटी उपयोगी आहेत असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही आणि त्या निरुपयोगी आहेत असेही म्हणता येत नाही. मात्र एक ग्रॅम किंवा त्याहून मोठ्या वाढीची शक्यता कमी दिसते.’

मार्गदर्शकांना हा मसुदा दाखवला. त्यांनी अंतराल असलेले वाक्य ठेवायला होकार दिला, पण ‘असा निकाल कोणतेही नियतकालिक छापत नाही, तेव्हा पुढे पाठवण्यात वेळ घालवू नये’ असे ते म्हणाले. हे मान्य करावे का?

अंकगणिती

मसुदा चांगला आहे. शेवटचे वाक्य मला विशेष आवडले, कारण उघड्या राहिलेल्या प्रश्नातूनही काहीतरी बाद झाले आहे हे त्यात सांगितले आहे. ‘म्हणता येत नाही’ हे दोनदा आले आहे, त्याची काळजी करू नका. त्या पुनरुक्तीमुळेच वाक्याचा तोल टिकतो. निष्कर्षातून पी-मूल्य काढून टाकले आणि ते फक्त तक्त्यात ठेवले तरी चालेल, कारण परीक्षकांची नजर अंतरालाआधी त्यावर जाईल.

प्रसिद्धीबद्दल मात्र मी मार्गदर्शकांशी सहमत नाही. २००८ साली अमेरिकेत नैराश्यावरील बारा औषधांच्या ७४ नोंदणीकृत चाचण्यांचा मागोवा घेतला गेला. औषध नियामकांच्या मते अनुकूल ठरलेल्या ३८ चाचण्यांपैकी ३७ प्रसिद्ध झाल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ कधी छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ अशा रीतीने छापल्या गेल्या की निकाल अनुकूल वाटावा. म्हणजे नियतकालिके वाचून औषधांबद्दल मत बनवणाऱ्या डॉक्टरांपुढे चित्र मुळातच एका बाजूला झुकलेले होते. आपल्याकडे २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी आहे आणि जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी ती बंधनकारक केली, त्यामागेही निकाल कसाही आला तरी चाचणी झाल्याची नोंद राहावी हा हेतू आहे. तुमचा ५२-५२ स्त्रियांचा अभ्यास एकटा प्रश्न सोडवणार नाही, पण उद्या कोणी असे दहा अभ्यास एकत्र मांडायला बसले आणि त्यांना केवळ सार्थ ठरलेलेच सापडले, तर त्यांचे उत्तर हमखास फुगलेले येईल. म्हणून सरासरी, प्रमाण विचलन आणि प्रत्येक गटातील संख्या तक्त्यात पूर्ण द्या, आणि निबंध पाठवा. एखाद्या संपादकाने परत केला, तर दुसऱ्याकडे पाठवा.

वस्ती_संपर्क

मी वस्तीपातळीवर सेविकांच्या गटांसोबत काम करते, म्हणून बैठकीपुरते लिहिते.

आमच्या बायकांना ‘अजून कळले नाही’ हे उत्तर झेपत नाही, अशी समजूत वरच्या पातळीवर फार आहे. ती खरी नाही. एखाद्या बाळाचे वजन एका महिन्यात वाढलेले दिसले नाही, तर त्या लगेच निर्णय देत नाहीत. काटा तपासतात, पुढच्या महिन्यात पुन्हा वजन घेतात. फक्त उत्तर सांगताना त्यांच्या कामाचा दर्जा आणि अभ्यासाचा आवाका या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. गोळी घेतली जाते आहे का, स्त्रिया मोकळेपणाने बोलतात का, हे त्यांना तुमच्यापेक्षा आधी समजले आहे. तेही त्यांना विचारा आणि लिहून घ्या. कोणत्या घरी भेट होऊच शकली नाही, कोण बाळंतपणासाठी गावी गेली, याच्या नोंदी त्यांच्या वहीत असतात आणि तुमच्या अंतरालाची रुंदी समजून घ्यायला त्या उपयोगी पडतील.

कौतुकाचे भाषण करू नका आणि ‘फरक पडला’ असे मन राखण्यासाठीही सांगू नका. तीन महिन्यांनी दुसऱ्या कोणाकडून वेगळे ऐकले, की त्यांचा तुमच्यावरचा विश्वास उडतो आणि पुढच्या अभ्यासाला दार उघडले जात नाही.

पाऊलवाट

बैठक काल झाली. बोलण्याआधी लिहून नेलेला मजकूर येथे ठेवते. दुसऱ्या कोणाला हवा असेल तर बदल करून वापरावा.

‘तुम्ही ज्या घरी गेलात तेथील बायकांचे रक्त, ज्यांच्या घरी गेला नाहीत त्यांच्यापेक्षा सरासरीने थोडे जास्त भरले. पण आपण मोजलेल्या बायका कमी होत्या. एवढा फरक भेटींमुळे पडला की तसाच योगायोगाने आला, हे इतक्या थोड्या बायकांवरून सांगता येत नाही. तुमच्या भेटींचा उपयोग नाही, असे या अभ्यासातून निघालेले नाही. उपयोग आहे, असेही अजून निघालेले नाही. नक्की कळायचे असेल तर याच्या दुपटीहून जास्त बायका घ्याव्या लागतील.’

ज्यांनी तो प्रश्न विचारला होता त्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी आपली वही पुढे केली आणि पुढच्या वेळी शेजारच्या दोन गल्ल्याही घ्याव्यात असे सुचवले. त्यांच्या गटातील नऊ स्त्रियांकडे दोनपेक्षा कमी भेटी झाल्या होत्या, हे मला त्या वहीतूनच समजले. त्या सर्व स्त्रिया ज्या गटात निवडल्या गेल्या त्याच गटात धरून मी विश्लेषण केले आहे आणि तसेच ठेवणार आहे; भेटींची संख्या मात्र आता वेगळ्या तक्त्यात देते.